अडीच ग्रॅम लोखंडाचा हिशेब

धडधाकट माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, आणि त्यातलं अडीच ग्रॅमच्या आसपास एकट्या हिमोग्लोबिनमध्ये. भंगारवाला तराजूसुद्धा काढणार नाही एवढा हा ऐवज. पण वजन सोडून अणू मोजायला बसलं की बोटं अपुरी पडतात. पाच लिटर रक्त, लिटरमागे दीडशे ग्रॅम हिमोग्लोबिन, दर रेणूत चार हीम आणि दर हीमच्या मधोमध लोहाचा एक अणू. साधा गुणाकार केला तर उत्तर येतं 28 वर 21 शून्यं. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकं-दहंपासून सुरुवात करून अठराव्या स्थानाशी, परार्धाशी, यादी थांबवली. परार्ध म्हणजे 1 वर 17 शून्यं. आपल्या रक्तातल्या लोहाचे अणू भरतात दोन लाख ऐंशी हजार परार्ध.

अर्थसंकल्पाच्या बातम्यांनी 'लाख कोटी' हे माप आपल्या अंगवळणी पाडलं आहे, म्हणून त्यातच सांगायचं तर रक्तात 25 लाख कोटींच्या घरात तांबड्या पेशी असतात. एकेका पेशीत 27-28 कोटी हिमोग्लोबिनचे रेणू, म्हणजे 110 कोटी हीम. भारताची लोकसंख्या याहून साधारण एक तृतीयांशाने जास्त आहे. आणि ही सगळी गर्दी 90 फेम्टोलिटरच्या जागेत. एक मिलिलिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले 90 हजारही नव्हेत, फक्त 90.

या लोहाची दोन रूपं आहेत, फेरस आणि फेरिक. फरक एका इलेक्ट्रॉनचा. फेरस लोह प्राणवायू धरतं आणि सोडतं. त्याचा एक इलेक्ट्रॉन गेला की ते फेरिक होतं, हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन होतं आणि प्राणवायू वाहण्याच्या कामी ते निरुपयोगी ठरतं. हरवलेला इलेक्ट्रॉन परत देणं म्हणजे क्षपण. दहावीच्या विज्ञानात ऑक्सिडीकरण आणि क्षपण ही जोडगोळी पाठ केलेली असते आणि परीक्षेनंतर ती कुणाला आठवत नाही. अंगात मात्र तिला एक क्षण सुट्टी नाही.

कारण गळती चालूच असते. प्राणवायूचा रेणू हीमवर येऊन बसतो आणि बहुतेक वेळा गुपचूप उठून जातो. कधीतरी उठताना लोहाचा इलेक्ट्रॉन घेऊन जातो. निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपैकी अर्धा ते तीन टक्के भाग रोज असा फेरिक होतो. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. दोन लाख ऐंशी हजार परार्धांचे तीन टक्के काढून दिवसाच्या 86,400 सेकंदांनी भागा. उत्तर 1 वर जवळजवळ 16 शून्यं, दर सेकंदाला. लीलावतीच्या यादीत या स्थानाला 'मध्य' म्हणतात. सेकंदाला एक मध्य अणू बिघडतात आणि तेवढेच दुरुस्त होतात. दुरुस्ती बंद पडली तर या वेगाने तीन आठवड्यांत निम्मं रक्त कामातून जाईल, आणि तांबडी पेशी तर 120 दिवस जगते. तरीही रक्त तपासलं तर मेथेमोग्लोबिन एक टक्क्याच्याही आत सापडतं.

आता याच पेशीतला एक फार छोटा आकडा. रक्तपेशीच्या आतला सामू 7.2 च्या आसपास असतो. सामूवरून मोकळ्या प्रोटॉनांची संख्या काढता येते. 90 फेम्टोलिटरमध्ये ते किती? तीन-साडेतीन हजार. 110 कोटी हीमच्या वस्तीत मोकळे प्रोटॉन जेमतेम एखाद्या खेड्याच्या लोकसंख्येइतके! अर्थात हा एका क्षणाचा पट आहे. प्रथिनांच्या अंगावर, विशेषतः हिस्टिडीनवर, कोट्यवधी प्रोटॉन चिकटलेले असतात आणि मोकळ्यांची जागा ते सतत भरतात. पण रसायनशास्त्रात भाव ठरतो तो या मोकळ्यांच्या संख्येने. सामू 0.3 ने उतरला की ती दुप्पट होते, आणि आम्लता वाढली की हिमोग्लोबिनमधून इलेक्ट्रॉन निसटण्याचा वेगही वाढतो. प्रोटॉन जवळ असला की प्राणवायूला इलेक्ट्रॉन घेऊन पळणं सोपं जातं. हीमच्या खोबणीत लोहासमोर उभं असलेलं एक हिस्टिडीन प्राणवायूला हायड्रोजन बंधाने धरून ठेवतं आणि ही चोरी बरीचशी आवरतं. प्रथिनाचं कवच काढून हीम तसंच हवेशीर पाण्यात सोडलं तर ते पाहता पाहता फेरिक होतं; कवचाच्या आत तेच काम दिवसांवर लांबतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर प्रयोगशाळा लागत नाही. मटणाचा जाडसर तुकडा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी सुरीने मधोमध कापा. बाहेरचा पापुद्रा लालभडक, गाभा जांभळट, आणि दोहोंच्या मध्ये एक बारीक तपकिरी रेघ. स्नायूत हिमोग्लोबिनचा धाकटा भाऊ मायोग्लोबिन असतो, त्याचे हे तीन अवतार. बाहेर भरपूर प्राणवायू, म्हणून हीम भरलेलं. आत प्राणवायूच नाही, म्हणून रिकामं पण फेरस. आणि मधल्या पट्ट्यात प्राणवायू थोडासाच, तिथेच लोह फेरिक झालेलं. प्राणवायू जितका जास्त तितकं लोह गंजणार हा आपला ठोकताळा इथे उलटा पडतो. सगळ्यांत जास्त नासाडी अर्धवट प्राणवायूत होते. जनावर कापल्यावर स्नायूचा सामू 7 च्या थोडा वरून 5.5 पर्यंत उतरतो, म्हणजे प्रोटॉन पन्नास पटींच्या आसपास वाढतात, आणि रेघ रुंदावत जाते. गिऱ्हाईक तपकिरी मटणाला शिळं म्हणून नाक मुरडतं. दरवेळी ते शिळं असतंच असं नाही, पण मटणवाल्याशी हा वाद घालण्यात अर्थ नाही.

रक्तातल्या दुरुस्तीचं पंचाण्णव टक्क्यांहून जास्त काम एकटं एक विकर करतं, सायटोक्रोम बी-5 रिडक्टेज. साखर जाळताना मिळणारे इलेक्ट्रॉन ते सायटोक्रोम बी-5 या दुसऱ्या हीमवाल्या प्रथिनाकडे देतं आणि तिथून ते मेथेमोग्लोबिनकडे जातात. हे विकर जन्मतःच अधू असलं तर माणूस निळा दिसतो. शब्दशः निळा, ओठ, नखं, कानाच्या पाळ्या. मेथेमोग्लोबिन एकूण हिमोग्लोबिनच्या दहा टक्क्यांवर गेलं की निळेपणा डोळ्यांना कळतो, सत्तर टक्क्यांच्या पुढे जीव वाचणं कठीण. शिरेतून काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं आणि हवेत हलवलं तरी लाल होत नाही. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेलं बोटाचं ऑक्सिमीटर अशा माणसाच्या बोटाला लावलं तर ते 85 च्या आसपास अडकून बसतं, कारण त्याला दोनच रंगांचं गणित शिकवलेलं असतं आणि हा तिसरा.

1940 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर आयर्लंडमधल्या लर्गन गावच्या जेम्स डीनी या डॉक्टरांनी अशाच निळ्या माणसाला क जीवनसत्त्व देऊन गुलाबी केलं. रसायन बरोबर चाललं, पण का ते कळत नव्हतं. क्वेंटिन गिब्सन यांनी 1948 साली नेमकी कुठली कडी तुटली आहे ते दाखवून दिलं. अमेरिकेत केंटकीच्या डोंगराळ भागात ट्रबलसम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी फ्यूगेट घराण्यात पिढ्यानपिढ्या निळी माणसं जन्मत होती. 1960 च्या दशकात मॅडिसन कॉवीन हे रक्तविकारतज्ज्ञ तिथे पोचले आणि त्यांनी या माणसांना मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन दिलं. निळ्या माणसाला निळा रंग टोचायचा! काही मिनिटांत जन्मभराची निळाई उतरली. मिथिलीन ब्लू स्वतः इलेक्ट्रॉन घेऊन रंगहीन होतं आणि तो इलेक्ट्रॉन पुढे हीमला देऊन टाकतं. पेशीत एरवी रिकामी बसलेली दुसरी वाट त्याने उघडते.

यातला मात्रेचा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. वजनाच्या किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम दिलं तर मिथिलीन ब्लू हीमचं क्षपण करतं. किलोमागे सातच्या वर गेलं की तेच औषध उलट हिमोग्लोबिनचं ऑक्सिडीकरण करू लागतं. आणि ज्याच्या पेशीत जी-6-पी-डी हे विकर कमी आहे, त्याच्यात ती दुसरी वाट मुळातच बंद, त्यामुळे बेताची मात्राही उपयोगी पडत नाही, उलट तांबड्या पेशी फुटतात. पारशी समाजात आणि आपल्याकडच्या काही आदिवासी समाजांत ही कमतरता बरीच आढळते. दोन लाख ऐंशी हजार परार्धांच्या कारभारात निकाल लागतो तो किलोमागे पाच-सहा मिलिग्रॅमच्या फरकावर.

तान्ह्या बाळाचा हिशेब आणखी अरुंद असतो. त्याच्या पेशीतलं दुरुस्तीचं विकर मोठ्या माणसाच्या निम्म्याच्या आसपास काम करतं. पोटातली आम्लता कमी, म्हणून नायट्रेटचं नायट्राइट करणाऱ्या जिवाणूंना तिथे रान मोकळं. आणि नायट्राइट हिमोग्लोबिनमधला इलेक्ट्रॉन काढून घेतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली यांनी 1945 साली विहिरीच्या पाण्याचा आणि निळ्या पडलेल्या बाळांचा संबंध प्रथम मांडला. 1951 पर्यंत अमेरिकेत अशी 278 बाळं आणि 39 मृत्यू नोंदले गेले. त्यावरून जी मर्यादा आली ती आपल्याकडेही आहे, लिटरमागे 45 मिलिग्रॅम नायट्रेट. हा आकडा किती बेताचा आहे पाहा. चार किलोच्या बाळाच्या अंगात सव्वातीनशे मिलिलिटर रक्त. मर्यादेत बसणाऱ्या एक लिटर पाण्यातले नायट्रेटचे आयन मोजले तर ते बाळाच्या एकूण हीमच्या जवळजवळ चौथा हिस्सा भरतात. सगळ्याचं नायट्राइट होत नाही, म्हणून चालतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालानुसार महाराष्ट्रातल्या भूजलाच्या एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत नायट्रेट 45 च्या वर होतं. आणि पाणी उकळलं की जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. वाफ उडून उरलेल्या पाण्यात ते थोडं वाढतंच. बाळाच्या वरच्या दुधाला पाणी उकळून घेणाऱ्या आईला हे कुणी सांगत नाही.

प्रयोगशाळेत हीमच्या प्रथिनांचं क्षपण करायची दोन नेहमीची रसायनं म्हणजे क जीवनसत्त्व आणि सोडियम डायथायोनाइट. दुसऱ्याला कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांवर हायड्रॉस म्हणतात. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही जण काहिलीत टाकतात तीच पांढरी पूड. रंगाच्या कारखान्यांतही निळीचं क्षपण करायला हीच वापरतात. मेथेमोग्लोबिनच्या तपकिरी द्रावणात तिची चिमूट टाकली की परीक्षानळीत क्षणात जांभळट लाल रंग उतरतो. मग नळी हवेत घुसळली की लालभडक.

पण ही पूड जशीच्या तशी काम करत नाही. पाण्यात तिचा आयन मधोमध दुभंगतो आणि त्याचे दोन तुकडे हीमवर चालून जातात. दुभंगतात तरी किती? एक मिलिमोलर द्रावणात तुकड्यांचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास. बाकीचे 999 नुसते राखीव. म्हणून पूड चौपट टाकली तरी वेग दुप्पटच होतो. आम्लात ती पटकन नासते आणि गंधकाचा उग्र वास सुटतो, ओलावा आणि हवा लागली तर बंद बाटलीतही तेच. क जीवनसत्त्वाचं गणित याहून लहरी. दोन्ही प्रोटॉन सोडून बसलेलं त्याचं रूप इलेक्ट्रॉन द्यायला सगळ्यांत तत्पर, पण 7.4 सामूला लाखात फक्त सहा रेणू या रूपात असतात. सामू एकने वाढवा, साठ होतात. एकने उतरवा, लाखात एकही धड नाही.

मग सामू वाढवत गेलं की काम वाढत जाईल? इथे घेणाऱ्याचं म्हणणंही ऐकावं लागतं. सायटोक्रोम सी या छोट्या प्रथिनात हीमच्या लोहाला एका बाजूने हिस्टिडीनचं नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूने मिथिओनीनचं गंधक धरून असतात. या गंधकामुळे ते इलेक्ट्रॉन आनंदाने घेतं. त्याचं क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचं माप, अधिक 260 मिलिव्होल्टच्या आसपास. सामू 9 च्या पुढे गेला की मिथिओनीन सुटतो, लायसीन त्याची जागा घेतो आणि विभव कोसळून शून्याच्या बरंच खाली जातं. मग क जीवनसत्त्व कितीही तयारीत असलं तरी हे रूप त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेत नाही. देणारा जसा उदार होत जातो तसा घेणारा दार लावून घेतो.

मिलिव्होल्ट हे एकक फसवं आहे. खोलीच्या तापमानाला दर 59 मिलिव्होल्टला पारडं दहा पटींनी झुकतं. हॉर्सरॅडिश या झाडाच्या मुळातलं पेरॉक्सिडेज, ज्याच्यावर रोगनिदानाच्या कितीतरी एलायझा चाचण्या चालतात, त्याचं विभव उणे 250 च्याही खाली. म्हणजे सायटोक्रोम सीपासून 500 मिलिव्होल्टहून जास्त अंतर. तराजूत याचा अर्थ तीस कोटी पटींहून जास्त. आणि निसर्गातल्या सगळ्या हीम प्रथिनांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे एक व्होल्ट. टॉर्चच्या सेलपेक्षाही कमी! 1000 ला 59 ने भागा, सतरा. दहाचा सतरावा घात, म्हणजे बरोबर एक परार्ध. लोह तेच, त्याभोवतीचं हीमचं कडंही बहुतेक ठिकाणी तेच. फरक इतकाच की शेजारी कोण बसलंय, पाणी किती आत शिरतंय, जवळपास कुठला भार आहे.

मिठाचंही तसंच. सायटोक्रोम सीवर धन भाराचा सुकाळ, तर त्याचे भिडू ऋण भाराचे. पाण्यात एक मिलिमोलर मीठ असेल तर हा भार 10 नॅनोमीटरवरून जाणवतो, प्रथिनाच्या व्यासाच्या जवळजवळ तिप्पट अंतरावरून. शरीरातल्या दीडशे मिलिमोलर खारटपणात तीच हाक 0.8 नॅनोमीटरच्या पुढे ऐकू जात नाही. म्हणून प्रयोगशाळेत नुसतं मीठ वाढवून या दोघांमधली देवाणघेवाण मंदावता येते.

आणि देवाणघेवाण किती मोठी? आराम करणारा माणूस मिनिटाला पाव लिटर प्राणवायू वापरतो. प्राणवायूच्या दर रेणूला चार इलेक्ट्रॉन लागतात आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सीच्या हीमवरून, एकेकटा, पुढे जातो. त्याचा विद्युतप्रवाह काढला तर 70 अँपिअरच्या वर भरतो. फ्लॅटच्या मीटरमधून एवढा प्रवाह सहसा जात नाही; फक्त इथे दाब एक व्होल्टच्या थोडा वर, म्हणून शक्ती 80 वॉटच्या आसपास. दिवसभरात सायटोक्रोम सीवरून गेलेले सगळे इलेक्ट्रॉन गोळा करून वजन केलं तर? 35 मिलिग्रॅम.

ही ये-जा जिवंत पेशीत पहिल्यांदा चार्ल्स मॅकमन या डॉक्टरने 1880 च्या दशकात वर्णपटात पाहिली. जर्मनीतल्या होप-झायलर यांनी, हिमोग्लोबिनला हे नाव ज्यांनी दिलं त्यांनीच, ती उडवून लावली आणि मॅकमन 1911 साली उपेक्षितच वारला. 1925 साली केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यीस्टचा घट्ट घोळ वर्णपटदर्शकातून पाहत होते. चार काळ्या रेघा. घोळ हवेत घुसळला की रेघा गायब. तसाच ठेवला की थोड्या वेळात परत. यीस्टने प्राणवायू संपवला होता आणि हीमचं पुन्हा क्षपण झालं होतं. सायनाइड टाकलं तर कितीही घुसळलं तरी रेघा हलेनात. साखळीच्या शेवटच्या विकरातल्या फेरिक हीमला सायनाइड घट्ट धरून बसलं होतं, त्यामुळे मागचे इलेक्ट्रॉन होते तिथेच अडकले.

सायनाइडच्या विषबाधेवर डॉक्टर एक उफराटा उपाय वापरत आले आहेत, तो याच हिशेबातून आलेला. ते शिरेतून नायट्राइट देतात आणि मुद्दाम थोडं हिमोग्लोबिन बिघडवतात, साधारण दहा टक्क्यांपर्यंत. फेरिक लोह सायनाइडला प्रिय, मग ते साखळी सोडून या मेथेमोग्लोबिनवर येऊन बसतं. (नायट्राइटचा गुण याखेरीज दुसऱ्या वाटेनेही येत असावा, असं अलीकडे मानतात.) आकडे जुळवून पाहा. एकूण हीमचे दहा टक्के म्हणजे 28 हजार परार्ध. जीव घेऊ शकणाऱ्या पाव ग्रॅम पोटॅशियम सायनाइडमध्ये आयन 23 हजार परार्ध. जागा पुरते, वर पाच हजार परार्ध शिल्लक.